आधी पडदे मोज

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा रात्री वाचलं आणि मग झोप लागली नाही. अटलांटात मैत्रिणींबरोबर तू एका कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेचा सिनेमा पाहायला गेलीस. त्या सगळ्या ठरवून पहिल्याच शुक्रवारी, आगाऊ तिकिटं काढून आल्या होत्या. सिनेमा तुला बेताचा वाटला, कॉलेजच्या अंकात तू तसं लिहिलंस, आणि त्यांतली एक आता तुझ्याशी बोलत नाही. वर तुझे प्राध्यापक म्हणाले, शेवटी प्रेक्षकच ठरवतो. म्हणून तू विचारतेस, ‘मावशी, कृष्णवर्णीयांचा आहे म्हणून गर्दी करायची, की चांगला असेल तरच?’

उत्तर देण्याआधी प्राध्यापकांच्या वाक्याकडे येते. ते वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकलं, आणि तितकीच वर्षं स्वतः म्हटलं.

लॅमिंग्टन रोडवर एका वितरकाच्या कचेरीत मी नोकरीला होते, हे तुला माहीत आहे. इंग्रजी सिनेमांच्या प्रिंटा पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे पाठवायच्या, पेट्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, रोजचा गल्ला वहीत उतरवायचा. पुढे साहेब मलाच विचारू लागले, यातला कुठला घ्यावा? एकदा यादीत असा सिनेमा आला, ज्याच्या पोस्टरवरचे सगळे चेहरे कृष्णवर्णीयांचे होते. मी तो पाहिला नव्हता. नुसतं पोस्टर पाहून लाल पेन्सिलीने पुढे लिहिलं, ‘आपल्याकडे चालणार नाही.’ सिनेमा गेला नाही. पुढच्या वर्षी तसाच दुसरा आला, तेव्हा मागची वही काढून मी साहेबांना दाखवली, बघा, असल्या सिनेमांचा आपला गल्ला शून्य आहे. शून्य होताच. एक खेळ लावला नाही, तर गल्ला येणार कुठून? साहेबांनी मान डोलावली, मीही डोलावली, आणि ते शून्य पुढे कित्येक वर्षं पुरावा म्हणून वापरलं गेलं.

घर माझ्या पगारावर चालत होतं. सिनेमा पडला असता तर बोल मलाच लागला असता. हे खरं आहे आणि आजही मी ते मागे घेत नाही. पण एखादी मॅटिनी लावून बघू या, एवढं म्हटलं असतं तर पगार कापला गेला नसता. 1972 साली याच मुंबईत पोरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून नाव घेऊन दलित पँथर उभी केली. त्यांच्या कविता माझ्या टेबलाच्या खणात असायच्या. खणात कविता आणि हातात लाल पेन्सिल, अशी मी बसले होते.

म्हणून तुला एकच गोष्ट सांगते आणि या पत्रात ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. आधी पडदे मोज, मग माणसं मोज. प्रेक्षक आला नाही असं कुणी म्हणालं, की विचार, त्याला यायला दार किती ठिकाणी उघडलं होतं?

तुझ्या त्या रुसलेल्या मैत्रिणीचं मन कळायचं असेल तर 2012 चा जानेवारी बघ. दुसऱ्या महायुद्धातल्या टस्कीगीच्या कृष्णवर्णीय वैमानिकांवरचा ‘रेड टेल्स’ तेव्हा लागला. दिग्दर्शक अँथनी हेमिंग्वे, निर्माता ‘स्टार वॉर्स’वाला जॉर्ज लुकास. लुकाससारख्या माणसाला हॉलिवूडमध्ये कोण नाही म्हणेल? म्हणाले. त्याने टीव्हीवर उघड सांगितलं की मोठी गोरी भूमिका नाही, परदेशात बाजार नाही, म्हणून स्टुडिओंनी हात वर केले. त्याने स्वतःचे जवळपास सहा कोटी डॉलर घालून सिनेमा केला आणि तो लोकांपर्यंत पोचवायचा खर्चही आपणच उचलला. मग कृष्णवर्णीय वस्त्यांमधून, चर्चमधून निरोप फिरले, पहिल्याच आठवड्यात जा. समीक्षकांना सिनेमा फारसा आवडला नाही, अमेरिकेतला गल्ला पाच कोटींच्या आसपास थांबला. लोक गेले ते एका भीतीपोटी. हा पडला तर पुढच्या दहा जणांना दार बंद, ही ती भीती, आणि ती खोटी नव्हती.

त्याच वर्षी मार्चमध्ये डिस्नेचा ‘जॉन कार्टर’ आला. त्यात कंपनीने सुमारे 20 कोटी डॉलरचं नुकसान जाहीर केलं. त्यानंतर कुणी म्हणालं का, की गोरा नायक चालत नाही? गोऱ्यांचा सिनेमा पडला तर तो एक सिनेमा पडतो. यांचा पडला तर सगळ्यांचा पडतो. तुझी मैत्रीण शुक्रवारी तिकीट काढते तेव्हा ती पुढच्या सिनेमाचं तिकीट काढत असते, कारण शुक्रवार ते रविवारच्या आकड्यांवर पुढच्या आठवड्यात किती पडदे राहतील ते ठरतं. हे तुला वर्गात कुणी सांगितलं नाही? मग काय शिकवतात तिथे!

आणि हा परदेशातला बाजार. ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ 2013 साली इटलीत जाताना पोस्टरवर कोण मोठं छापलं, माहीत आहे? ब्रॅड पिट आणि मायकेल फासबेंडर, दोघेही गोरे नट. ज्याची गोष्ट आहे तो चिवेटेल एजिओफोर बारकासा, कोपऱ्यात. बोंब झाली, पोस्टरं मागे घेतली गेली. पण ती छापणारा माणूस मला ओळखीचा वाटतो. तो दुष्ट असेलच असं नाही. त्याच्या वहीत माझ्यासारखंच एखादं शून्य असणार.

2021 साली मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने अमेरिकन सिनेमा आणि टीव्हीचा अभ्यास केला. त्यात निघालं की कृष्णवर्णीय प्रमुख भूमिका असलेले सिनेमे सरासरी 30 टक्के कमी देशांमध्ये पाठवले जातात, आणि तरी जगभरचा त्यांचा गल्ला गोऱ्यांच्या सिनेमांच्या जवळपास बरोबरीने येतो. हे वाचलं त्या दिवशी मी जेवले नाही. कमी दारं, तरीही तितकेच लोक. 2018 साली ‘ब्लॅक पँथर’ या सिनेमाला 20 कोटी डॉलरचं बजेट आणि अमेरिकेत चार हजारांवर थिएटरं मिळाली, तेव्हा त्याने जगभरात 130 कोटींच्या वर मिळवले आणि त्यातले निम्म्याच्या जवळपास बाहेरच्या देशांतून आले. ‘बाहेर चालत नाही’ हे वाक्य त्या दिवशी मरायला हवं होतं. ते अजून जिवंत आहे, कारण ते बोलणाऱ्याला पडदे मोजावे लागत नाहीत.

मोजणारी माणसं मात्र होती, आणि त्यांच्याकडे बघून मला आज हुरूप येतो. कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशो 1919 पासून तीसएक वर्षं, चाळीसच्या वर सिनेमे काढत राहिला. हॉलिवूडचं दार बंद, म्हणून स्वतः प्रिंटा घेऊन गावोगाव जायचा, कृष्णवर्णीयांच्या थिएटरांच्या मालकांना भेटायचा, आगाऊ पैसे घेऊन पुढचा सिनेमा उभा करायचा. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांची थिएटरं मध्यरात्रीनंतर कृष्णवर्णीय प्रेक्षकांना उघडायची, तिथेही त्याचे खेळ झाले. प्रेक्षक रात्री बाराला यायला तयार होता, बघ. त्याच्या 1920 च्या ‘विदिन अवर गेट्स’ची प्रिंट अमेरिकेत उरली नाही. ती सापडली स्पेनमध्ये.

तुझ्याच अटलांटाचं घे. मेल्विन व्हॅन पीबल्स या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा ‘स्वीट स्वीटबॅक’ 1971 साली सुरुवातीला फक्त दोन थिएटरांत लागला, एक डेट्रॉइटला आणि एक अटलांटात. रांगा लागल्या, मग बाकीच्यांनी दारं उघडली. टायलर पेरीने आधी वर्षानुवर्षं नाटकं घेऊन दौरे केले, त्यामुळे 2005 मध्ये त्याचा पहिला सिनेमा पहिल्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर गेला आणि जाणकार एकमेकांना विचारत बसले, एवढे लोक आले कुठून? ते होतेच. त्यांना कुणी मोजलं नव्हतं. पेरीचे सिनेमे मला स्वतःला फारसे आवडत नाहीत, पण त्याने आपला प्रेक्षक आपल्या हाताने मोजला, म्हणून त्याचं नाव मी आदराने घेते.

आणि ज्यांना असा रस्ता सापडला नाही त्यांचं काय? चार्ल्स बर्नेटने ‘किलर ऑफ शीप’ विद्यापीठातला प्रबंध म्हणून सत्तरच्या दशकात केला. गाण्यांचे हक्क घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तो थिएटरांत यायला 2007 उजाडलं. जूली डॅशचा ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ 1991 चा, अमेरिकेत थिएटरांत रीतसर प्रदर्शित झालेला कृष्णवर्णीय अमेरिकन दिग्दर्शिकेचा तो पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. त्यानंतर तिच्यासाठी ते दार पुन्हा उघडलं नाही. इथे मला राग आवरत नाही. ‘प्रेक्षकच ठरवतो’ म्हणणाऱ्याने या दोघांच्या नावापुढे प्रेक्षकांचा आकडा लिहून दाखवावा.

आता तुझा प्रश्न. सिनेमा बेताचा होता तर बेताचाच लिही. मैत्रीण दुखावली म्हणून शब्द मऊ करू नकोस. तिला तुझी दया नको आहे आणि त्या दिग्दर्शिकेलाही नको असणार. पण तिकीट काढ, पहिल्या शुक्रवारीच काढ. तिकीट काढणं आणि परीक्षण लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच हाताने होतात. तू पटकथेच्या ढिलाईवर तीन परिच्छेद लिहिलेस, मी वाचले, त्यातले दोन बरोबर आहेत. पण तो सिनेमा किती थिएटरांत होता, जाहिरात किती दिसली, शहराच्या कुठल्या भागात लागला आणि कुठल्या भागात नाही, यावर एक ओळ नाही. ती ओळ लिहिली असतीस तर मैत्रिणीने तेच परीक्षण वेगळं वाचलं असतं. मी हे म्हणते कारण माझ्या वहीत ती ओळ नव्हती.

मला कधी वाटतं, माझ्या एका शेऱ्याने काय फरक पडला असता, नाशिकमध्ये चार खेळ झाले असते आणि विसरले गेले असते. साहेबही हेच म्हणायचे. पण त्या चार खेळांना कोण येऊन बसलं असतं, हे मला कधीच कळणार नाही, आणि ते कळायला हवं होतं.

मैत्रिणीला फोन कर. माफी मागायची गरज नाही, तिच्याबरोबर तोच सिनेमा दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बघायला जा. जिथे लागला असेल तिथे, लांब असलं तरी. आणि पहिल्या आठवड्यात किती ठिकाणी होता, दुसऱ्यात किती उरला, हे दोन्ही आकडे मला कळव. जुनी वही अजून माझ्याकडे आहे. मागची पानं कोरी आहेत, त्यांत उतरवून घेईन.

तुझी,
मावशी