रेघेला लिपी म्हणू नका

प्रश्न आला आहे: दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेतल्या खुणांना बातमीत 'आदिमानवाची लिपी' म्हटलं होतं, हे बरोबर का?

नाही. लिपी भाषा नोंदवते. या खुणा भाषा नोंदवतात याला काही आधार नाही. आणि त्या काढणारे तुमच्याआमच्याच जातीचे, होमो सेपियन्स होते. ही 'लिपी' वाचली की चीड येते, कारण नेमका शब्द घरातच आहे: रेघ.

रेघ आली 'रेखा'वरून, आणि रेखा काय, लेखा काय, धातू एकच. 'लिख्' म्हणजे मुळात ओरखडणं; लिहिणं हा अर्थ नंतरचा. त्याचं जुनं रूप 'रिख्'. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात पूषन् देवाला साकडं घातलंय की हातातल्या आरेने पणींची, म्हणजे कंजूष शत्रूंची, काळजं ओरखड: 'आ रिख'! ही आरा म्हणजे आपल्या चांभाराची आरी. शाई नाही, कागद नाही, नुसतं टोक आणि ओरखडा. जावातल्या त्रिनिलचा शिंपला घ्या. किमान ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वी होमो इरेक्टसने, म्हणजे आपल्याआधीच्या एका नामशेष मानवजातीने, बहुधा शार्कच्या दाताने, त्यावर करवतकाठी रेघ कोरली. अस्सल 'लेख' तो!

आता लिपी. हा शब्द प्राचीन इराणी 'दिपि'वरून आला म्हणतात. मान्य, अशोकाच्या शाहबाजगढीच्या (आजच्या पाकिस्तानातल्या) लेखात 'ध्रमदिपि', म्हणजे धर्मलेख, आहेच. पण म्हणून 'लिप्'शी, म्हणजे लिंपण्याशी, त्याचा काडीचाही संबंध नाही असं ठासून सांगणाऱ्या पंडितांशी माझं भांडण आहे. अशोकाच्याच गिरनारच्या लेखात तोच शब्द 'धंमलिपी' होतो. 'द'चा 'ल' काय आपोआप झाला? कानाला लिंपणं ओळखीचं होतं म्हणून परका शब्द त्या वळणावर गेला, हे माझं ठाम मत.

ब्लॉम्बोसमध्ये तर लिख् आणि लिप् दोन्ही सापडतात. गेरूच्या तुकड्यांवर जाळीदार रेघा कोरल्यात, त्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या. शिवाय जेमतेम ४ सेंटिमीटरची एक दगडी कपची आहे, ७३ हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर गेरूच्या खड्याने ९ रेघा ओढल्यात: सहा जवळजवळ समांतर, तीन त्यांना तिरक्या छेदणाऱ्या. कपचीच्या कडेशी त्या एकदम तुटतात, म्हणजे मूळ रेखाटन मोठ्या दगडावर होतं. आणि त्याच गुहेत, एक लाख वर्षांपूर्वी, कुणी शिंपल्यात गेरू, कोळसा आणि हाडांतली चरबी कालवून लेप तयार केला होता.