चारचौघांतला च

प्रश्न असा होता: "चमचा, जास्त, माझा हे शब्द च्यमच्या, ज्यास्त, माझ्या असे ऐकले की माझं डोकं फिरतं. पण मुलीला सांगायला गेले तर तीच म्हणाली, मग चारला त्सार का नाही म्हणायचं? याला काही नियम आहे की नुसती कानाची सवय?"

नियम आहे आणि चांगला पक्का आहे. शाळेत तो कुणी शिकवत नाही कारण आपल्याकडे अक्षर एकच आणि आवाज दोन. चमचा म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे लागतं, चिमटा म्हणताना जीभ पसरून टाळूला लागते, आत्ता म्हणून बघा. पहिल्याला व्याकरणवाले दंततालव्य म्हणतात, दुसऱ्याला तालव्य. पुढे इ, ई, ए किंवा य आला की च, ज, झ तालव्य होणारच, तिथे चर्चा नाही. बाकी ठिकाणी अस्सल मराठी शब्दात बहुतेक वेळा दातांवरचा, आणि संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेल्या शब्दात बहुतेक वेळा टाळूचा. म्हणून चंद्र टाळूवर पण चांदणं दातांवर, चक्र आणि चाक, चर्म आणि चामडं, चूर्ण आणि चुना, जन आणि जण. अपवाद आहेत, पण या जोड्या एकदा मोठ्याने म्हटल्या की पोरांच्या कानाला फरक कळतो, वेगळी शिकवणी लागत नाही.

फळला दात ओठावर ठेवून इंग्रजी फॅनसारखा फ लावणं, ज्ञानला ग्यान म्हणणं, यानेही त्रास होतोच, पण ते कुणी टोकलं की निदान सुधारतं. लोनी-पानी म्हणणाऱ्यांना मात्र हसू नका, ती त्यांच्या घरची बोली आहे आणि पिढ्यानपिढ्या आहे. च-ज चं तसं नाही. पुण्यात जन्मलेली, घरात मराठी बोलणारी मुलं हे वाचून शिकतायत, ऐकून नाही, आणि वाचताना देवनागरीला हिंदीचा आवाज लावतायत.

आणि हा नुसता कानाला गोड-कडूचा प्रश्न नाही, यात व्याकरण जातं. मागच्या दिवाळीत पहाटेच्या एका गाण्याच्या कार्यक्रमाला बसलो होतो, निवेदिका गायिकेबद्दल म्हणाली "त्यांच्या आवाज", म्हणजे तिला म्हणायचं होतं "त्यांचा आवाज", पण च टाळूवर गेला आणि मी पुढच्या शब्दाची वाट बघत बसलो, आवाजात? आवाजाला? आवाजामुळे? काहीच आलं नाही, वाक्य संपलं. चा आणि च्या हा फरक मराठीत पुढच्या नामाला प्रत्यय लागणार की नाही हे बहुतेक वेळा सांगतो. माझा मुलगा आला, माझ्या मुलाला सांग. हे दोन्ही सारखेच म्हणायला लागलात तर ऐकणाऱ्याला दर वाक्यात अर्धा क्षण थांबावं लागतं. पुण्याचा, पुण्याचं यांत दात, पुण्याची, पुण्याच्या यांत टाळू. आणि गंमत बघा, पुस्तकात "माझे घर" लिहिलं की झ टाळूवर, तेच बोलताना "माझं घर" झालं की लगेच दातांवर. ए गेला, झ हलला. एवढी चोख यंत्रणा आपण फुकटात मिळाली म्हणून मोडतोय.

आता चार. मला सगळ्यात आवडतं ते इथे आहे. "चारचौघांत" हा शब्द हळू म्हणा. पहिला च टाळूवर, दुसरा दातांवर. एकच संख्या, एकच मूळ, एकाच शब्दात दोन आवाज! तसंच चौथा, चौदा, चौक दातांवर, पण चाळीस परत टाळूवर. काही जण ठामपणे सांगतात की चार हा हिंदीचा परिणाम आहे. अहो मग पाच का नाही बिघडला? पाच रोज तितक्याच वेळा तोंडात येतो आणि अजून स्वच्छ दातांवर आहे. आणि हिंदीने चार बिघडवला तर चौदा कसा सुटला? हे स्पष्टीकरण दोन मिनिटं विचार न करता दिलेलं आहे.

माझं मत असं की चारमध्ये एक य लपलेला आहे. जुन्या कागदांत "च्यार" असं लिहिलेलं सापडतं, ते लिहिणाऱ्याची चूक नव्हती, तो ऐकू येईल तसं लिहीत होता. संस्कृत चत्वारि, प्राकृतात चत्तारि, पुढे मधला त झिजला आणि अ-आ एकमेकांना भिडले तेव्हा मध्ये य शिरला असणार. तसंच चाळीसमध्ये. उलट चौथा, चौदा, चौक यांत त गेल्यावर अ च्या पुढे उ राहिला, दोघे मिळून सरळ औ झाला, य ला शिरायला जागाच राहिली नाही. म्हणून तिथे च दातांवर. पुढे लिहिताना य गळला पण जिभेने तो सोडला नाही. हाच प्रकार जोशीमध्ये बघा. जोर, जोड, जोडा सगळे दातांवर आणि जोशी एकटा टाळूवर, कारण तो ज्योतिषीपासून आलाय आणि तो य अजून त्या ज मध्ये मुरलेला आहे. सदाशिव पेठेत दर चार दारांमागे जोशी, पण दातांवरचा ज लावून ती हाक मारलेली मी आजवर ऐकली नाही. चहा तर कितीतरी गावांत अजून च्याच आहे.

म्हणजे प्रश्नातलं "च्यमच्या, ज्यास्त" हे लिहिणं बघा. चूक दाखवायला तुम्ही आपोआप य घातलात ना! च्यार लिहिणाऱ्यानेही तेच केलं होतं.

नुक्तेवाल्यांचंही एक सांगतो. जमीन, बाजार, हजार, नजर, कर्ज हे फारसीतून आले, मूळ आवाज ज़, म्हणून मराठीत खाली टिंब देऊन तसंच म्हणा असा एक आग्रह असतो. कशासाठी? मराठीने तो आवाज घेतला आणि आपल्या नियमाला जुंपला. जमीन दातांवर राहिली, पण त्याच ज़ चा जिल्हा पुढे इ असल्यामुळे टाळूवर गेला. कर्ज दातांवर, मर्जी टाळूवर. दरवाजा दातांवर, दरवाजे म्हटलं की टाळूवर! परका शब्द अनेकवचन करताना मराठी नियम पाळतो, याहून जास्त मराठी तो काय व्हायचा. टिंब देऊन हे सगळं पुसायचं आणि फारसीही धड नाही बोलायची, हा कसला शुद्धपणा.

आणि हे दोन आवाज तेलुगूतून उचलले म्हणणाऱ्यांनाही थोडं थांबवावं लागतं. तेलुगूत अशीच वाटणी आहे हे खरं, पण लांब सीमेने मराठीला चिकटलेल्या कानडीच्या प्रमाण बोलीत ती नाही, कोकणीत आहे, आणि दातांवरचा च पार काश्मिरीतही आहे. शेजाऱ्याकडून आलं म्हणायचं तर मग काश्मीर कुठला शेजारी?

मुलीचं राहिलंच. तिला नियम पाठ करायला लावू नका, चिंचवड म्हणायला लावा. पहिला च टाळूवर कारण इ आहे, दुसरा दातांवर. मग चिंचेची चटणी म्हणायला लावा, त्यात चिंचेतला दुसरा च सुद्धा टाळूवर जाईल कारण ए आला, आणि चटणी परत दातांवर. तीन-चारदा म्हणाली की ती स्वतःच हसून सांगेल जीभ कुठे गेली ते. चारचं विचारलं तर सांगा, त्यात य आहे, दिसत नाही एवढंच.