जुनी फ्लुइडिक वर्ना घ्यायची तर कुठलं इंजिन, 1.4 की 1.6, पेट्रोल की डिझेल?

ह्युंदाईची 2013 ची फ्लुइडिक वर्ना, रोज कोल्हापुरातल्या कोल्हापुरात पंधरा किमी, महिन्यातनं एकदा फॅमिली घेऊन कोकण, असं तू लिहिलंयस. भावा, पहिलं 1.4 चा नाद सोड, पेट्रोल असूदे नाहीतर डिझेल.

हे मी एवढं ठासून का सांगतोय, तर आमच्या घरात या विषयावर गेली बारा वर्षं भांडण चालू हाय. मी 2012 ला 1.6 डिझेल घेतली, दाजींनी त्याच वर्षी 1.4 पेट्रोल. तेव्हा पेट्रोल-डिझेलमधे लिटरमागं पंचवीस-तीस रुपयांचा फरक, आणि मी शिरोलीतनं कास्टिंगची सॅम्पल घेऊन आठवड्याला दोनदा चाकण करायचो, त्यामुळं डिझेल घेण्यात काय चुकलं सांग. पण दाजींचं एकच, "डिझेल ट्रकला असतंय, आणि माझ्या गाडीची 107 पीएस ताकद काय कमी हाय व्हय?" कमी नाही, पण ती मिळते सहा हजार आरपीएमच्या वर, आणि तिथपर्यंत दाजी आयुष्यात कधी गेले नाहीत. गिअर पाडायचा म्हटलं की ह्यांच्या जिवावर येतंय.

गणपती करून वैभववाडीहून परत येत होतो, दोन्ही गाड्या, दोन्हीत पाच-पाच माणसं, डिक्या नारळांनी भरलेल्या. करूळ घाटात पाऊस आणि धुकं, पुढं एसटी. मी एक जागा बघून तिसऱ्या गिअरवर नुसता पाय दाबला, 260 एनएम टॉर्क, म्हणजे ओढ, 1900 आरपीएमपासनंच असतोय, एसी चालू ठेवून एसटी मागं टाकली. दाजी राहिले एसटीच्या मागं. ओढ मिळावी म्हणून त्यांनी एसी बंद केला, तर आतनं सगळ्या काचा धुरकटल्या, मग ताई पदरानं पुढची काच पुसतीय आणि दाजी वळणावळणाला पहिला टाकतायत. आम्ही गगनबावड्यात दुसरा चहा घेत होतो तेव्हा आले. उतरल्या उतरल्या काय म्हणावं? "पोरं झोपली होती, म्हणून मुद्दाम दमानं आलो."

आता दाजींची बाजू पण सांगतो, नाहीतर ताई फोन करेल. 2019 ला एका पंपावर टाकी फुल केली, त्या डिझेलमधे पाणी निघालं, दोन इंजेक्टर गेले. पंपवाल्यानं हात वर केले. उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं सगळं धरून सेहेचाळीस हजार घेतले. कॉमन रेल (जास्त दाबानं डिझेल सोडणाऱ्या) इंजेक्टरला भेसळ अजिबात चालत नाही, फिल्टरच्या तळातलं पाणी काढायचं असतंय हे मला तवा कुठं ठाऊक. त्या वर्षी भाच्याच्या वाढदिवसाला दाजी जेवताना मोठ्यानं, "माझ्या गाडीला प्लग सोडून काय बदललं नाही बाबा." आता गाडी चारच किमी फिरवायची तर दुसरं बदलायला काय लागणार!

तुझं रनिंग बघता खरं म्हणजे तू 1.6 पेट्रोल घ्यावी. 123 पीएस, घाटात खाली गिअर पाडून फिरवलं की जाते व्यवस्थित, मायलेज मात्र विचारू नको. माझं विचारशील तर मी अजून पण डिझेलच घेईन, पण शहरात पंधरा किमीवर इंजिन नीट तापायच्या आत बंद होणार आणि ईजीआरमधे, म्हणजे धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधे, काजळी साठत जाणार (डीपीएफ, म्हणजे काजळी धरणारा फिल्टर, या गाडीत नाही हे एक बरं). तरी डिझेल बघायला गेलासच तर सकाळी थंड इंजिन स्वतः स्टार्ट कर, टायमिंग चेनचा खडखडाट ऐक, इंजेक्टरचं रिटर्न (परत जाणारं डिझेल) चेक करून घे, आणि घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करणाऱ्या मालकाची गाडी असली तर टर्बो आधी मिस्त्रीला दाखव. आणि हो, 2013 ची म्हणजे 2028 ला आरसी रिन्यू करायला लागेल, ते धरून भाव पाड.

परवा दाजींनी ज्योतिबाला जायला माझी गाडी मागितली. त्यांची घरातच उभी हाय, पण "माणसं जास्त हायत" म्हणे. मी काय बोललो नाही. चावी देताना एवढंच म्हटलं, पंपावर डिझेल सांगा हं दाजी.