हुशार झाल्यावर चार्लीची माणसं का तुटली?

तुमचा प्रश्न असा आहे: डॅनियल कीज यांच्या 'फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन'मधला चार्ली गॉर्डन ऑपरेशननंतर हुशार होतो आणि एकेक माणूस त्याच्यापासून तुटत जातो. हे त्याला गर्व चढला म्हणून झालं, की तो आधीचा चार्लीच उरला नाही म्हणून?

मला दोन्ही पटत नाही. गर्व चढतो हे खरं, पण उशिरा चढतो. बेकरीतली माणसं त्याच्या कितीतरी आधी फिरलेली असतात.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही आधी 1959 साली आलेली कथा, तिचीच 1966 साली कादंबरी झाली. कादंबरीतला चार्ली बत्तीस वर्षांचा, बुद्ध्यांक 68, न्यूयॉर्कमधल्या एका बेकरीत झाडलोट आणि हरकाम करणारा. अल्जरनॉन नावाच्या उंदरावर केलेली शस्त्रक्रिया त्याच्यावर करतात आणि काही महिन्यांत तो भल्याभल्या प्राध्यापकांच्या पुढे जातो. मग आधी उंदराची बुद्धी उतरते, पाठोपाठ त्याची. सगळं त्याच्याच रोजनिशीतून कळतं. सुरुवातीला शुद्धलेखनाचा पत्ता नाही. मध्येच स्वल्पविराम नावाची गोष्ट सापडते, तर पठ्ठ्या दिसेल तिथे स्वल्पविराम टाकत सुटतो. कीज स्वतः शिक्षक होते. मंदगती मुलांच्या वर्गातल्या एका मुलाने त्यांना विचारलं होतं, खूप मेहनत करून मी हुशार झालो तर मला नेहमीच्या वर्गात घ्याल का? कथेचं एक मूळ त्या प्रश्नात आहे.

आता माझं म्हणणं. चार्लीचा आज बदलतो, त्याहून जास्त त्याचा काल बदलतो. बेकरीतले जो आणि फ्रँक त्याला पार्टीला नेतात, पाऊस पडतोय का बघायला कोपऱ्यापर्यंत पाठवतात आणि तो परत येईपर्यंत सटकलेले असतात. हे घडलं तेव्हा चार्लीला ती गंमत वाटली होती. आपल्याला मित्र आहेत याचा तो पुरावा होता. बुद्धी वाढल्यावर तीच रात्र त्याला पुन्हा आठवते आणि तेव्हा ते हसणं कशाचं होतं ते कळतं. घटना तीच, पण आता ती मैत्रीच्या खात्यात मांडता येत नाही. माणूस म्हणजे बऱ्याच अंशी त्याच्या आठवणी. त्यांचा अर्थच उलटा झाला तर 'तोच चार्ली का' हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

हे मला कादंबरी वाचून कळलं असं नाही. आमच्या घरी ते आधीच घडून गेलं होतं.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीकाठचं. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. आमच्या सालदाराला आम्ही पोरं नाना म्हणायचो. ते आईचं वळण. बाकी गाव त्यांना एकेरीच हाक मारायचं. तेही चार्लीच्याच वयाचे असतील. भोळे. गावात कोणी काही घोळ घातला की 'केलं का नानाचं काम' असं म्हणायचे, फक्त नानाच्या जागी त्यांचं नाव. (बेकरीतही चुकीला चार्लीचंच नाव पडलेलं आहे. हे पान वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो.)

आखाजीला आमच्याकडे बायका-पोरी झोक्यावर आणि गडीमाणसं पत्त्यांवर. आमरस-पुरणपोळी झाली की निंबाखाली डाव मांडायचा. नाना पैसे लावायचे आणि डाव रंगात आला की कोणीतरी म्हणायचं, "जाय, पोलीस येतस का देख." नाना फाट्यावर जाऊन उन्हात तासभर उभे. त्यांना वाटायचं सगळ्या गावाची राखण आपल्यावर सोपवलीय. इकडे त्यांचे पैसे वाटून झालेले असायचे. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू.

ते साक्षरता अभियानाचे दिवस होते. मी सातवीत. शाळेतून सांगितलं, प्रत्येकाने एका मोठ्या माणसाला शिकवा. मी गोठ्यात पाटी घेऊन नानांना बसवलं. आधी सही, मग आकडे. अक्षरांत ते अडखळायचे, पण आकड्यांत इतक्या झपाट्याने पुढे गेले की मलाच नवल वाटलं. मग दिसेल ते वाचायचे. एसटीची पाटी, खताची गोणी. "भाऊ, हाई काय लिखेल शे?" हे दिवसातून वीसदा.

एका संध्याकाळी कडबा टाकता टाकता ते थांबले आणि म्हणाले, "भाऊ, त्या आखाजीले पोलीस खरंच येनार व्हतात का?"

मी बोललो नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. कडबा टाकून झाला, हात झटकले, घरी गेले.

इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. अक्षरओळख म्हणजे बुद्धी नव्हे. ज्या जिल्ह्यात असोद्याच्या बहिणाबाई चौधरी होऊन गेल्या, तिथल्या माणसाने तरी तशी गल्लत करू नये. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्यांनी ऐकून उतरवून घेतलेल्या त्यांच्या कविता 1952 साली, त्या गेल्यानंतर, छापल्या गेल्या. नानांची बुद्धी वाढली असं मी म्हणतच नाही. ती होती तेवढीच होती. आधी तिला धरायला काही नव्हतं, आता आकडा मिळाला. चार्लीचंही पुष्कळसं असंच आहे. हा प्रयोग करणारे प्रोफेसर नेमर परिषदेत असं बोलतात की जणू ऑपरेशनच्या आधी चार्ली नावाचा माणूसच नव्हता, यांनी तो घडवला. चार्लीला सगळ्यात झोंबतं ते हे. मी आधीही माणूस होतो, हे त्याचं भांडण शेवटपर्यंत चालतं. म्हणून 'तोच का' याचं त्याचं स्वतःचं उत्तर 'हो' असंच आहे.

मग माणसं का तुटतात? याला बेकरीतल्या गिंपीचा प्रसंग पाहा. चार्लीशी त्यातल्या त्यात मायेने वागणारा हा गिंपी. हिशेब कळायला लागल्यावर चार्लीच्या लक्षात येतं की तो ओळखीच्या गिऱ्हाइकांना कमी पैसे लावतो आणि वरचे आपसात वाटून घेतो. ही चोरी त्याच्या डोळ्यांसमोर आधीही चालूच होती. चोर निघाला तोही नेमका प्रेमाने वागणारा माणूस. गिंपी वाईट असता तर चार्लीला सोपं गेलं असतं. तो मालकाला सांगत नाही, गिंपीलाच गाठून बजावतो. थोड्याच दिवसांत बेकरीतले सगळे सह्या करून त्याला काढायला लावतात. सही न करणारी एकटी फॅनी, तिलाही ज्ञानवृक्षाचं फळ खाल्लेले आदम आणि हव्वा आठवतात.

आमच्या घरात गिंपीच्या जागी माझे वडील होते.

ते वाईट नव्हते. नानांच्या बायकोच्या आजारपणात रात्री बैलगाडी जुंपून तिला तालुक्याला नेणारे तेच. पण उचलीची, म्हणजे सालातून आगाऊ दिलेल्या पैशांची, वही त्यांच्याकडे असायची आणि पोळ्याला दिलेले दीडशे त्यात दोनदा मांडलेले होते, एकदा पोळ्याखाली आणि एकदा पुढच्या पानावर गणपतीखाली. नानांनी ओट्यावर बसून बोट ठेवून वाचलं. आवाज चढवला नाही. वडील म्हणाले, चूक झाली असेल, आणि एक आकडा खोडला. मग नाना मागचं पान उलटायला लागले, तेव्हा वडिलांनी वही हातातून घेतली.

चूक खरोखरची होती का, मला माहीत नाही आणि मी कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून नानांचा चहा ओट्यावर येईना, गोठ्यात जायला लागला. आई मला म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं पाटी द्यायला?" गावात बोलणं सुरू झालं, शिकला आणि बिघडला. निंबाखाली त्यांना डावात घेणं बंद झालं, कारण आता ते पानं मोजायचे. ज्या माणसाला बघून प्रत्येकाला वाटायचं की आपण बरे आहोत, तो माणूस जागेवरून उठला होता. पुढच्या आखाजीला त्यांनी साल धरलं नाही.

ॲलिसचं मला वेगळं वाटतं. ती चार्लीची शिक्षिका, तिचा काही स्वार्थ नाही, तरी ती मागे पडते. डोकं तिच्या पुढे गेलेलं आणि मन अजून पोराचं, त्यामुळे जवळ जायची वेळ आली की आतला जुना चार्ली खिडकीतून बघत उभा राहतो. तिथे कोणाचाच दोष नाही. तुमच्या प्रश्नातला गर्व मला दिसतो तो याच्या आसपास, जेव्हा तो समोरच्याला मूर्ख म्हणायला लागतो. पण त्याच माणसाने हॉटेलात बश्या फोडणाऱ्या पोराला लोकांबरोबर आधी हसून घेतलंय आणि मग स्वतःचाच संताप येऊन सगळ्यांवर ओरडलाय, हेही विसरू नका.

शेवटी बुद्धी उतरल्यावर चार्ली पुन्हा त्याच बेकरीत येतो. एक नवा कामगार त्याला छळतो, तर जो, फ्रँक आणि गिंपी त्याच्या बाजूने उभे राहतात. कोणी त्रास दिला तर आम्हाला सांग, म्हणतात. पुष्कळांना हा प्रसंग गोड वाटतो. मला नाही वाटला. तो बरोबरीचा असताना हे कुठे होते?

नाना परत आले नाहीत. तीन-चार वर्षांमागे पारोळ्याच्या बसस्टँडवर भेटले, सोबत नातू. मी आहिराणीत बोललो, त्यांनी प्रमाण मराठीत उत्तर दिलं, आणि मला 'तुम्ही' म्हणाले. वडील गेल्याचं सांगितलं तर म्हणाले, "कळलं होतं. यायला पाहिजे होतं." चहा त्यांनीच पाजला. हॉटेलवाल्याने दिलेले सुटे माझ्यासमोर हातावर मोजून घेतले, खिशात टाकले आणि धुळ्याची गाडी लागली म्हणून नातवाचं बोट धरून उठले.