पोलिसांनी लहान मुलगी बनून ऑनलाइन गुन्हेगार पकडणं कायद्यात बसतं का? आम्ही चार मित्रांनीच असं खोटं खातं काढलं तर चालेल का?

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात मी पोक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालचे, खटले चालवतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे : असं खातं काढू नका.

समोरच्यानं एखाद्या मुलाचा घाणेरडा फोटो पाठवला की तो तुमच्या मोबाइलमध्ये आला. असं साहित्य नष्ट न करता आणि पोलिसांना न कळवता ठेवून देणंसुद्धा पोक्सोच्या कलम १५ खाली गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. ‘आम्ही समाजासाठी केलं’ म्हणून सुटका होईल असंही धरू नका. लोकहिताचं कारण दिलं म्हणून गुन्हा आपोआप पुसला जात नाही, असं स्टिंगच्या एका प्रकरणात याच न्यायालयानं २०१४ साली म्हटलं होतं. शिवाय तुमच्या हातून पुरावा बिघडला, तर खरा गुन्हेगार सुटतो.

आता पोलिसांचं. सापळा लावायला आपल्याकडे बंदी नाही. लाचलुचपतवाले लावतातच, आणि तिथं लाचेची मागणी झाल्याचं सिद्ध करावं लागतं. इथंही पुढाकार कोणाचा यावरच सगळं अडतं. उलटतपासणीत चॅटची प्रिंट समोर ठेवून वकील एकेक ओळ विचारतो. पहिला मेसेज कुणाचा? ‘मी बारा वर्षांची आहे’ हे कितव्या मिनिटाला सांगितलं? ते कळल्यावर आरोपी थांबला, की पुढं गेला? थांबलेल्या माणसाला दोन दिवसांनी पोलिसांच्या खोट्या खात्यावरून ‘बोलत का नाही?’ असा मेसेज गेला असेल, तर खटला तिथंच सैल होतो, आणि माझ्या मते व्हायलाही हवा. अमेरिकेत सरकारी यंत्रणांनी एका माणसाला सव्वीस महिने टपालानं गळ घातली होती. १९९२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द केली.

दुसरा हमखास येणारा बचाव म्हणजे ‘समोर मुलगी नव्हतीच, फौजदार बाई होत्या, मग गुन्हा कुठला?’ पोक्सोत बालक म्हणजे अठरा वर्षांखालची व्यक्ती, त्यामुळे या मुद्द्यात दम आहे. पण प्रयत्नही शिक्षापात्र असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६२ मध्ये उदाहरणच दिलं आहे : चोरानं खिशात हात घातला, खिसा रिकामा निघाला, तरी तो दोषी. गड्ड्याच्या जत्रेत पाकीटमाराला हेच लागू होईल. चॅटवरच्या आरोपीला ते कितपत लागू होतं, हे त्यानं प्रत्यक्ष काय केलं यावर ठरतं. नुसतं ‘हाय’ म्हणणारा आणि लॉज बुक करून येणारा यांत फार अंतर आहे.

मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न मात्र वेगळाच आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पोलिसांनी २०१६-१७ मध्ये मुलांचे घाणेरडे फोटो फिरवणारी एक साइट ताब्यात घेऊन जवळजवळ अकरा महिने स्वतः चालवली. गुन्हेगार सापडले. पण तेवढे महिने त्या मुलांचे फोटो पोलिसांच्या ताब्यातल्या साइटवरून फिरत राहिले, आणि त्या मुलांना कुणी विचारलं? मला हे कदापि मान्य नाही. जर्मनीनं २०२० मध्ये कायदा बदलला तेव्हा तपास अधिकाऱ्यांना फक्त संगणकानं बनवलेली चित्रं वापरायची मुभा दिली, तीही न्यायालयाच्या परवानगीनं. नेदरलँड्समधल्या एका संस्थेनं तर २०१३ सालीच ‘स्वीटी’ नावाची पूर्णपणे संगणकावर घडवलेली मुलगी उभी केली होती आणि हजार माणसं ओळखून काढली होती. खऱ्या मुलाचा एकही फोटो न वापरता हे होऊ शकतं.

तुमच्या ओळखीतल्या कुणा मुलीला असे मेसेज येत असतील तर चॅट पुसू नका, कुणाला फॉरवर्ड करू नका, समोरच्याला धमकावूही नका. मोबाइल आहे तसा घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा, किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. मुलीला ठाण्यात जायची भीती वाटत असेल तर तसं सांगा. तिचा जबाब घरी घेता येतो, आणि घेणाऱ्या अधिकाऱ्यानं गणवेशात नसावं असं कायदाच सांगतो.