कंट्रोलरचं प्लगिन बंद पडलं म्हणून कीबोर्ड भंगारात काढू नका

डिचोलीहून तुम्ही लिहिलंय की कंपनीने कंट्रोलरचं (नॉब-फेडरवाल्या कीबोर्डचं) प्लगिन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, बंद केला, नव्या मॅकवर तो चालत नाही, आणि गेल्या गणेश चवथीच्या घुमट (मातीचं तालवाद्य) आरत्यांचे प्रोजेक्ट उघडले की निम्म्या ट्रॅकवर ‘प्लगिन सापडत नाही’ येतं. वाचून जीव कळवळला, फोंड्यात मी हेच भोगलंय. ड्रायव्हर, केबल वगैरे तुम्ही पाहिलंच असेल, ते सोडतो.

जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका, विकू तर मुळीच नका. असली काही प्लगिनं रॅपर असतात, म्हणजे दुसऱ्या प्लगिनांभोवतीचं वेष्टन. तुमचा रिव्हर्ब (घुमारा देणारं प्लगिन) त्यांच्या पोटात उघडतो आणि प्रोजेक्टमध्ये नोंद होते ती रॅपरची. त्यामुळे रिव्हर्ब नव्या मशीनवर नीट बसवलेला असला तरी प्रोजेक्टला तो सापडत नाही. जुन्या मशीनवर एकेक प्रोजेक्ट उघडा, रिव्हर्बचा प्रीसेट (त्याची सेटिंग) सेव्ह करा, तोच रिव्हर्ब रॅपरशिवाय लावा आणि प्रीसेट त्यात उघडा. ऑटोमेशन (गाण्याबरोबर आपोआप बदलणाऱ्या सेटिंगची नोंद) बहुधा हाताने हलवावं लागेल. शिवाय प्रत्येक ट्रॅक प्रोजेक्टच्या अगदी सुरुवातीपासून वेव्ह (आवाजाची) फाइल म्हणून काढून ठेवाच. घुमट वाजवणारे वयस्क असतील तर ते रेकॉर्डिंग पुन्हा होईलच असं नाही.

मला सगळ्यात महागात पडला तो कंपनीचा सपोर्ट विभाग. माझी डिस्क गेली, प्लगिन परत टाकायचं होतं. साइटवरून इन्स्टॉलर काढलेला, अ‍ॅक्टिव्हेशनचा सर्व्हर बंद. सीरियल नंबर होता, बिल होतं. मी फक्त ऑफलाइन अ‍ॅक्टिव्हेशनची, म्हणजे सर्व्हरशिवाय प्लगिन चालू करायची, फाइल मागत होतो. दर वेळी नवा माणूस, पुन्हा तोच सीरियल नंबर विचारायचा आणि शेवटी ‘हे उत्पादन आता सपोर्टमध्ये नाही, नवं मॉडेल पाहा’. चवथ आली नि गेली. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची किल्ली विकणाऱ्याने खिशात ठेवून दुकानाला टाळं लावावं, हा सरळ अन्याय आहे. म्हणून इन्स्टॉलर आजच वेगळ्या ड्राइव्हवर घ्या.

कीबोर्ड मात्र मेलेला नाही. मिडी, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांची सामाईक भाषा, १९८३ पासून आहे. साधा नॉब ० ते १२७ मधला आकडा पाठवतो, तो कुठलंही सॉफ्टवेअर ऐकतं. क्युबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये १२व्या आवृत्तीपासून मिडी रिमोट, म्हणजे नॉब-फेडर जोडायची सोय, आतच आहे. एबलटन लाइव्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या ११व्या आवृत्तीत पायथन ३ ही प्रोग्रामिंग भाषा आल्यावर कंट्रोलर जोडणाऱ्या कित्येक जुन्या स्क्रिप्ट थांबल्या, तेव्हा तिथे जपून. कीबोर्डवर मॅकी कंट्रोल मोड (बहुतेक सॉफ्टवेअरना कळणारी कंट्रोलरची ठरलेली पद्धत) असेल तर माझ्या मते तोच धरा, कंपनीच्या प्लगिनच्या नादी लागू नका. त्या मोडमध्ये फेडर (सरकपट्ट्या) पिच बेंड या प्रकारचा मिडी संदेश पाठवतात, म्हणून नॉबसारख्या साध्या सीसी नंबरने लर्न करायला (सॉफ्टवेअरला ओळख करून द्यायला) गेलात तर काही सापडणार नाही. लॉजिक हे अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर मी वापरत नाही, त्याबद्दल जाणकारांना विचारा.

प्लगिन जुन्या ३२-बिट प्रकारचं असेल तर मॅकओएस कॅटालिना (२०१९) आणि त्यापुढच्या आवृत्त्यांवर ते चालणारच नाही, त्यात वेळ घालवू नका.

आणखी एक, आपल्या पावसात फेडर खरखरतात. कापड घाला, सिलिका जेल ठेवा, तेलकट स्प्रे मारू नका.

जुनं मशीन अजून सुरू होतंय का, आणि सॉफ्टवेअर कोणतं, तेवढं कळवा.