पानथरी जागेवर नाही, ओटीपोटात आहे असा रिपोर्ट आलाय. सीटी करावा का?

तुमच्या 26 वर्षांच्या बहिणीला अधूनमधून पोटात कळ येते, बेंबीखाली गाठ हाताला लागते आणि सोनोग्राफीत ‘स्प्लीन जागेवर नाही, ओटीपोटात आहे’ असं आलंय. सीटी करायलाच हवा का, असं तुम्ही विचारलंय. मी परळला रेडिओलॉजिस्ट आहे. हो, करा. आत्ता दुखत असेल, उलट्या किंवा ताप असेल तर नंबर लावून वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या.

पानथरी एरवी डावीकडे नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते. तिला जागेवर धरून ठेवणारे बंध काही जणांत जन्मतःच नसतात किंवा पुढे सैल पडतात. मग ती रक्तवाहिन्यांच्या लांब देठावर पोटात सरकत राहते. याला वाँडरिंग स्प्लीन म्हणतात. आजार दुर्मीळ आहे, पण लहान मुलांत आणि तुमच्या बहिणीच्या वयाच्या बायकांत तो जास्त सापडतो. देठाला पीळ पडला की रक्त अडतं आणि कळ येते. पीळ आपोआप सुटला की दुखणं थांबतं, म्हणून गॅसच्या गोळ्या खाण्यात वर्षं जातात. रक्ताच्या तपासण्यांवरून हे कळत नाही.

सोनोग्राफीत मी आधी गाठ बघत नाही, रिकामी जागा बघते. पेशंटला उजव्या कुशीवर वळवून श्वास भरून धरायला सांगायचं आणि बरगड्यांच्या फटीतून बघायचं. तिथे पानथरीऐवजी नुसतं आतडं दिसलं, आणि खाली सापडलेल्या गाठीच्या कडेला खाच असून डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, तिच्या रक्तवाहिन्या वरून येताना दिसल्या, की शंका फारशी उरत नाही. हे वर बघणं राहिलं तर तीच गाठ अंडाशयाची म्हणून लिहिली जाते. मुंबईत पावसाळ्यात मलेरियाने पानथरी सुजते, तेव्हा ‘वाढलेली स्प्लीन’ एवढंच लिहून विषय संपतो. पण सुजलेल्या पानथरीचं वरचं टोक बरगड्यांच्या आडच असतं. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आणि खात्री होईपर्यंत त्या गाठीत कुणालाही सुई घालू देऊ नका, पानथरीतून जोरात रक्तस्राव होऊ शकतो.

रिपोर्टमध्ये ‘ॲक्सेसरी स्प्लीन’ असतं तर गोष्ट वेगळी होती. ती मुख्य पानथरीजवळची छोटी गोळी, बऱ्याच लोकांत असते आणि सहसा काही करावं लागत नाही.

सीटी कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, रक्तवाहिन्या उजळवणारं औषध) देऊनच करायचा. पिळलेला देठ त्यात भोवऱ्यासारखा गोल फिरलेला दिसतो, आणि रक्त पोचत नसेल तर पानथरी उजळत नाही. ऑपरेशनचा निर्णय त्यावर ठरतो. जाताना क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट न्या, दिवस गेल्याची शक्यता असेल तर आधी सांगा.

दुखणं थांबलेलं असलं तरी सीटी झाल्यावर सर्जनना भेटाच. केईएम, सायन किंवा नायरच्या सर्जरी ओपीडीत दाखवता येईल. पानथरी जिवंत असेल तर ती जागेवर आणून बसवतात. मृत झाली असेल तर काढावी लागते, आणि मग न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस व हिब या जंतूंविरुद्धच्या लसी घ्याव्या लागतात. ऑपरेशन ठरवून होणार असेल तर लसी निदान दोन आठवडे आधी घ्यायच्या, हे सर्जनना पहिल्याच भेटीत विचारा. सीटीची सीडीही सोबत ठेवा, त्यांना चित्रं स्वतः बघायची असतात.